पेशींच्या मधली जागा

मी बेळगावात हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या, लॅबमध्ये टेक्निशियन आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, कधी चंदगडहूनही पेशंटचे नमुने येतात. त्यात गालाच्या आतल्या बाजूचे तुकडे बरेच. फॉर्मालिन या नमुना टिकवणाऱ्या द्रावणात पडलं की सगळंच थोडं कडक होतं, तरी सुपारी खाणाऱ्याच्या गालाचा तुकडा चिमट्यात धरल्या धरल्या कळतो. पांढरट, चिवट.

मग नेहमीचं काम: अल्कोहोल, झायलीन, मेणाचा ब्लॉक, मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर चार मायक्रॉनचे काप. साध्या एच अँड ई रंगात पेशींची केंद्रकं जांभळी दिसतात आणि खालचा थर नुसता गुलाबी. मॅसन ट्रायक्रोम हा दुसरा रंग दिला की तोच थर निळा होतो, आणि तेव्हा डोळे उघडतात. वरचं आवरण पातळ झालेलं, खाली कोलॅजन या पेशींच्या मधल्या तंतुमय प्रथिनाचे जाड पट्टे एकमेकांत मिसळून एकसंध झालेले, रक्तवाहिन्या दबून गेलेल्या, मध्ये तुरळक पेशी. या आजाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तोंड हळूहळू उघडेनासं होतं.

कॉलेजात शिकवताना पेशीला मान आणि पेशींच्या मधल्या पदार्थाला एक परिच्छेद, असा प्रकार होता. हे मला आजही खटकतं. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण तीस टक्के एकटं कोलॅजन आहे. त्याची तीन साखळ्यांची पिळाची रचना 1954 मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली, आपल्याच देशात, तुटपुंज्या साधनांवर. प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, कारण पिळाच्या आतल्या बाजूला त्याच्याहून मोठं काही मावतच नाही. क जीवनसत्त्व नसेल तर हा पीळ नीट टिकत नाही. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं ते त्यामुळे.

पण पेशींच्या मधलं हे कोलॅजनचं जाळं नुसतं आधारासाठी असतं असं समजू नका. पेशीच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. बाहेरून ती कोलॅजन किंवा जाळ्यातल्या फायब्रोनेक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला धरतात, आतून पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिन तंतूंना. या पकडीतून पेशी जाळं सतत ओढून बघते आणि ते किती ताठ आहे त्यावरून पुढचं ठरवते: वाढायचं, विभागायचं, की गप्प राहायचं. आवरणातल्या पेशींची पकड पूर्ण सुटली तर त्या सहसा मरतात.

2006 मध्ये एंगलर आणि डिशर या संशोधकांनी अस्थिमज्जेतल्या मूळपेशी (ज्यांच्यापासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर ठेवल्या. सगळ्यांवर कोलॅजनचाच लेप, पोषणही तेच. मेंदूइतक्या मऊ जेलवरच्या पेशी चेतापेशींसारख्या फांद्या काढू लागल्या, मध्यम जेलवरच्या स्नायूच्या वाटेने गेल्या, सर्वांत कडक जेलवरच्या हाडाच्या. त्याआधी मीना बिसेल या शास्त्रज्ञांनी स्तनाच्या कर्कपेशींवरचं एक इंटिग्रिन प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) अडवून दाखवलं होतं. 1997 चा तो प्रयोग. त्रिमितीय जेलमध्ये त्या पेशी पुन्हा निरोगी पेशींसारख्या गोल, शिस्तीत रचल्या गेल्या. डीएनएमधले बिघाड होते तिथेच होते! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा तेच पान वाचत बसले होते.

आता सुपारीकडे येते. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन फायब्रोब्लास्ट या कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना त्याचं उत्पादन वाढवायला लावतं. सुपारीत तांबंही भरपूर, आणि कोलॅजनचे तंतू एकमेकांना टाचणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला तांबंच लागतं. तिसरी गोष्ट टॅनिनची. अथणी-निपाणीकडच्या चपला ज्यांनी बनताना पाहिल्यात त्यांना ही लगेच समजेल. कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत मुरवतात ते याचसाठी की टॅनिन कोलॅजनला चिकटलं की ते कुजत नाही, जंतूंची एन्झाइमं ते तोडू शकत नाहीत. सुपारीचं टॅनिनही गालातलं कोलॅजन तसंच टिकाऊ करतं. म्हणजे तयार होणं वाढलं, टाके घट्ट झाले आणि मोडणं थांबलं.

यापुढे रोग स्वतःच्या बळावर चालतो. जाळं ताठ झालं की फायब्रोब्लास्ट आणखी जोराने ओढतात आणि त्यांचे मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे स्नायूसारख्या आकसणाऱ्या पेशी, होतात. जाळ्यात टीजीएफ-बीटा हे संदेशद्रव्य बांधून ठेवलेलं असतं. ओढ वाढली की ते सुटतं आणि आणखी कोलॅजन बनवायचा हुकूम देतं. म्हणून सुपारीची पुडी सोडल्यावरही ताठपणा पूर्ण जात नाही.

माझा भाचा निपाणीला असतो, टेंपो चालवतो. दिवाळीला आला तेव्हा तांबड्या रश्श्याने त्याचं तोंड पोळत होतं. मी म्हटलं, “तीन बोटं उभी घाल बघू तोंडात.” एरवी तीन जातात, त्याची दोनच गेली. “मावशी, मी गुटखा कुठं खातो? नुसती सुपारी,” म्हणाला. हीच समजूत घरोघरी आहे. कर्नाटकात 2013 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तिला पहिल्याच गटात घातलंय. भारतातल्या एका पाहणीत या फायब्रोसिसच्या रुग्णांपैकी 7.6 टक्के लोकांना सतरा वर्षांत तोंडाचा कर्करोग झाला.

“सोडली तर पहिल्यासारखं होईल?” त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं. डॉक्टर हायलुरोनिडेज हे एन्झाइम आणि स्टिरॉइड यांची इंजेक्शनं देतात, त्याने आणि तोंडाच्या व्यायामाने उघडणं काही प्रमाणात वाढतं. पहिल्यासारखं होईल असं कोणी वचन देऊ शकत नाही. पण आज सोडलीस तर आजपासून नवीन टाके घालणं तरी कमी होईल, आणि दोन बोटांचं एक बोट होण्याआधी थांबता येईल.

त्याने सोडली आहे. रोज आरशासमोर तोंड उघडायचा व्यायाम करतो, ठरल्या वेळी दंतवैद्याकडे जातो. गालाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तुकडा काढून तपासायला द्यायचा, हे मी ताईलाही सांगून ठेवलंय, कारण तो स्वतः सांगणार नाही.