वाढत्या कंपनीत ऑटिस्टिक म्हणून टिकून राहताना : माझा अनुभव

मी ऑटिस्टिक आहे आणि एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. जॉइन झाले तेव्हा सगळी कंपनी एका खोलीत मावायची, आता अर्ध्या लोकांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. मधल्या काळात मी सोयी मागितल्या, त्या मिळाल्या, कंपनी वाढली तशा त्या कुणी न काढताच गेल्या आणि मग त्या परत मिळवाव्या लागल्या, ते सगळं सविस्तर लिहितेय कारण मी शोधत होते तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रोग्रॅमबद्दलच वाचायला मिळायचं आणि आमच्याकडे तर तेव्हा एचआरच नव्हतं.

माझ्या ऑटिझमचं निदान मोठेपणी झालं. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तकापासून, म्हणजे २०१३ पासून, आवाज, उजेड, स्पर्श जास्त किंवा कमी जाणवणं हेही ऑटिझमच्या निकषांत आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कामावरून आल्यावर मला दिवे बंद करून पडून का राहावं लागतं ते पहिल्यांदा कळलं.

ऑफिसात सांगायचं की नाही यावर खूप विचार केला. शेवटी फाउंडरना मेल लिहिला, कारण समोर बसून बोलायचं म्हटलं की माझे शब्दच अडकतात. मेलमध्ये ऑटिझम म्हणजे काय वगैरे फार काही लिहिलं नाही, माझं काम कुठे अडतं आणि काय केलं तर अडणार नाही एवढंच लिहिलं. उदाहरण पण दिलं. "पेमेंटचं जरा बघून घे ना" असा मेसेज आला की माझा अर्धा दिवस नक्की काय बघायचं, किती खोलात जायचं, आज की या आठवड्यात, हातातलं काम सोडून की ते संपवून, याच विचारात जातो. तोच मेसेज "रिफंडचं बटन दोन्ही ब्राउजरवर तपास, गुरुवारी चारपर्यंत, बग सापडला की टिकेट टाक, आधीचं काम बाजूला ठेवलं तरी चालेल" असा आला तर मी लगेच कामाला लागते. शिवाय भिंतीकडेची जागा, हेडफोन घालायची मोकळीक आणि मीटिंगचे मुद्दे आधी लिहून मिळणं, एवढं मागितलं. त्यांचं उत्तर आलं, "एवढंच ना, उद्यापासून करू." आणि खरंच केलं, लहान कंपनीचा हा फायदा मला आजही फार मोठा वाटतो, कुठलाही फॉर्म नाही की कमिटी नाही.

मग फंडिंग आलं आणि धडाधड भरती सुरू झाली. मला नवीन मॅनेजर मिळाले, माझं टेबल सेल्सच्या टीमशेजारी गेलं जिथे दिवसभर फोन चालायचे, काय आधी करायचं ते कॉलवर तोंडी बदलायचं आणि कुणी लिहून ठेवायचं नाही. मॅनेजर माणूस म्हणून चांगलेच होते, पण त्यांना काही माहीतच नव्हतं! माझ्या सगळ्या सोयी फाउंडरच्या डोक्यात होत्या आणि फाउंडर आता गुंतवणूकदारांच्या मीटिंगमध्ये असायचे. लहान कंपनीत नेमकं हेच होतं, सोय एका समजूतदार माणसाच्या भरवशावर चालते, आणि तो माणूस दुसऱ्या कामात गेला की सोयही जाते.

त्यातच अप्रेझल झालं. बग शोधण्यात मी टीममध्ये वरच्या नंबरात होते, पण शेरा होता "मिसळत नाही, मीटिंगमध्ये बोलत नाही, समोर बघत नाही". मग मी पुढे कितीतरी दिवस जबरदस्तीने सगळ्यांच्या डोळ्यात बघत, हसत, गप्पा मारत राहिले आणि अशी थकले की साध्या मेसेजला उत्तर देणंसुद्धा जमेना. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. मला सुट्टी घ्यावी लागली.

परत आल्यावर ठरवलं की आता तोंडी काही नको. तोवर एचआर आलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात वाजवी सोयी नाकारणं हा भेदभाव धरलाय, त्याचा उल्लेख करून एक पानाचा कागद दिला. त्यात तीन रकाने होते, काय अडतं, काय करायचं आणि ते कोण करणार. माझ्या मते तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, तिथे माणसाचं नाव नको, पद हवं, म्हणजे मॅनेजर बदलला तरी जबाबदारी तिथेच राहते. तळाशी लिहिलं की मॅनेजर किंवा जागा बदलली की आठवड्याच्या आत हा कागद परत वाचायचा. माझं ऑटिझमचं निदान कुणाला सांगायचं ते मी ठरवणार हेही त्यातच लिहून घेतलं, टीमला सोयी कळल्या तरी पुरे.

सगळं मिळालं नाही. रिलीजच्या तारखा पक्क्या ठेवा म्हटलं तर नाही म्हणाले, ग्राहक बदल मागतात, आणि ते खरंही होतं. मग असं ठरलं की बदल झाला की टिकेटवर लिहायचं आणि त्याबदल्यात कुठलं काम मागे ढकलायचं तेही लिहायचं. याने माझा अर्ध्याहून जास्त ताण गेला.

"तिलाच का सवलत" असं एक-दोघं बोलले. तेव्हा मॅनेजरनी मीटिंगचे मुद्दे आधी पाठवणं आणि ठरलेलं लिहून टाकणं सगळ्यांसाठीच चालू केलं. नवीन आलेल्यांना त्याचा माझ्याइतकाच फायदा झाला, त्यांनाही कोण काय गृहीत धरतंय ते कळत नव्हतंच.

अप्रेझलचा फॉर्म बदलायला मात्र फार वेळ लागला. संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं होतं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधली गैरसमजूत दोन्ही बाजूंनी असते, कमतरता एकाच बाजूची नसते. २०२० मधल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक माणसांनी एकमेकांना माहिती सांगितली तेव्हा ती इतरांच्या गटाइतकीच नीट पोचली, घोटाळा झाला तो मिश्र गटात. हे मी एचआरला दाखवलं आणि विचारलं की माझ्या बग रिपोर्टवरून डेव्हलपरला परत प्रश्न विचारावे लागतात का? नाही लागत. मग संवाद तो मोजा ना, नजर कशाला मोजता! आता फॉर्ममध्ये "लिहिलेलं समोरच्याला कळतं का" असा मुद्दा आहे. मुलाखतीचे प्रश्नही आता सगळ्या उमेदवारांना आदल्या दिवशी जातात.

सध्या माझं बोलणं चालू आहे ते बढतीचं. आमच्याकडे वर जायचं म्हणजे टीम सांभाळायची, दुसरा रस्ताच नाही, आणि मला माणसं सांभाळायची नाहीत, अवघड सिस्टिम तपासायच्यात. कामातल्या तज्ज्ञांसाठी वेगळी वाट असावी असा मसुदा मी आणि मॅनेजरनी मिळून दिलाय, पगाराची पायरी टीम लीडइतकीच मागितलीय, आणि त्यातही तो तिसरा रकाना आहेच.