एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव नाही

मागच्या रविवारी चर्चची उपासना सुटली आणि मी बाहेर चपला घालत होते, तेवढ्यात मंडळीतल्या एक काकू जवळ आल्या आणि हात धरून म्हणाल्या, अगं तू म्हणे खुनाच्या गोष्टी लिहितेस, आपल्यातली पोरगी असून? आणि खुनाच्याच लिहायच्या तर मग त्यात प्रार्थना कशाला घालतेस? काकू रागावून बोलत नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. मागे गर्दी होती, पाळकसाहेब दारात सगळ्यांशी हात मिळवत होते, मी नुसतं "सांगते निवांत" म्हणाले आणि घरी आले, पण तो प्रश्न आठवडाभर डोक्यातून गेला नाही म्हणून आज इथे लिहायला बसले.

आधी घरचं सांगते. आमचे पप्पा राहुरीकडच्या आमच्या छोट्या चर्चची घंटा वाजवायचे, रविवारी पहिली घंटा, दुसरी घंटा, आणि कुणी वारलं की संथ एकेक ठोका. त्यांच्या उशाशी कायम दोन पुस्तकं असायची, एक पवित्र शास्त्र आणि दुसरं लायब्ररीतून आणलेलं बाबुराव अर्नाळकरांचं काहीतरी. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्यामुळे पप्पांना आयुष्यभर पुरल्या. रात्री आधी अध्याय वाचायचा, मग अर्नाळकरांचा झुंजार. मला लहानपणी ही दोन पुस्तकं वेगळ्या जातीची आहेत असं कधी वाटलंच नाही, दोन्हीत कुणीतरी काहीतरी लपवलेलं असायचं आणि शेवटी ते बाहेर यायचं.

आणि मराठीत ख्रिस्ती माणसाने कादंबरी लिहिणं ही काही नवलाची गोष्ट नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या पुस्तकाचं नाव घेतात ते 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं, बाबा पदमनजींचं, विधवांच्या हालांवर लिहिलेलं. म्हणजे आपली कादंबरी जन्मली तीच एका ख्रिस्ती लेखकाच्या हातून. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं, 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये इथेच सुरू झालं, रेव्हरंड टिळकांची भजनं आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तर घराघरात. पण आमच्या मंडळीच्या कपाटात कविता होत्या, चरित्रं होती, प्रवचनं होती, रहस्यकथा एकही नव्हती. ती जागा रिकामी दिसायची आणि मला तिथेच लिहायचं होतं.

पहिली कादंबरी लिहिली तेव्हा मी शाळेत नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. पहाटे साडेचारला उठायचं, चहा ठेवायचा, एक स्तोत्र वाचायचं आणि साडेसहापर्यंत लांब रजिस्टरमध्ये लिहायचं, मग डबे. वर्षभर लिहिलं. गोष्ट अशी की गावच्या मंडळीचा जुना पंच विहिरीत मेलेला सापडतो, चर्चच्या जमिनीचे कागद गायब आहेत आणि गावातली एक नर्स त्याचा शोध घेते. आता मी काय केलं, तर पावणेदोनशे पानं हा गुंता वाढवत नेला, तो इतका वाढला की मलाच सोडवता येईना, मग मी नर्सला गुडघ्यावर बसवलं, तिने रात्रभर प्रार्थना केली आणि पहाटे तिला स्वप्नात कागदांची जागा दिसली. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, मला वाटलं हीच माझी साक्ष.

आत्याला वाचायला दिलं. आत्या स्वतः रिटायर्ड नर्स, मिशन हॉस्पिटलमध्ये चाळीस वर्षं ड्युटी केलेली. चार दिवसांनी तिने रजिस्टर परत दिलं आणि म्हणाली, "बाळा, मी कितीतरी पेशंटच्या पलंगाशी गुडघे टेकलेत गं. देवाने मला एकदाही स्वप्नात औषधाचं नाव सांगितलं नाही. ते मला चार्ट बघूनच शोधावं लागायचं." एवढंच. मी रात्री खूप रडले, कारण ते खरं होतं.

त्यानंतर दोन ठिकाणी पाठवून बघितलं. एका प्रकाशकाने सांगितलं की लेखन चांगलं आहे पण धर्मप्रचार वाटतो, चर्च काढून टाका. दुसरीकडे, आपल्यातल्याच एका ठिकाणी, म्हणाले की खुनी मंडळीतलाच दाखवलाय, लोक काय म्हणतील, तो बाहेरचा करा. पहिल्याचं मला तेव्हा लागलं, आज वाटतं त्यांना त्या स्वप्नाचाच वास आला असणार. दुसऱ्याचं मात्र मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पाप बाहेरच्या माणसाच्या अंगावर टाकायचं आणि आपण स्वच्छ राहायचं, हे आपल्या शास्त्रात कुठे लिहिलंय? दाविद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, त्याला बाहेरचं कुणी बिघडवलं नव्हतं.

रजिस्टर दोन वर्षं ट्रंकेत पडून होतं. मग एका लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, आमच्या बायकांच्या सभेत शास्त्रातलं एस्तेरचं पुस्तक वाचायला घेतलं, दहाच अध्याय, रोज एक. इराणच्या राजाची राणी झालेल्या एका यहुदी मुलीची, लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या वेळी पाळकसाहेब सहज बोलून गेले की या अख्ख्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. मी घरी येऊन परत पहिल्यापासून वाचलं, पेन्सिल हातात घेऊन. खरंच नाही. यहुद्यांच्या जिवावर बेतलेलं असताना तिला वाढवणारा चुलतभाऊ मर्दखय एस्तेरला निरोप पाठवतो तेव्हासुद्धा म्हणतो की तू गप्प राहिलीस तर सुटका दुसरीकडून होईल, आणि दुसरीकडून म्हणजे कुठून ते तो बोलत नाही. तिथे देवाचं नाव घालणं किती सोपं होतं!

आणि रचना बघा. दुसऱ्या अध्यायात मर्दखयला राजाच्या जिवावर उठलेल्या दोन पहारेकऱ्यांचा कट कळतो, तो कळवतो, ते दोघे मरतात आणि ही गोष्ट राजाच्या बखरीत लिहून ठेवली जाते. बस, पुढे काहीच नाही, ना बक्षीस ना शाबासकी, वाचणारा विसरून जातो. मग मर्दखयचा वैरी हामान दरबारात वर चढतो, सगळ्या यहुद्यांना मारायचा हुकूम निघतो, तीन दिवसांचा उपास होतो, मर्दखयला टांगायला खांब उभा राहतो, आणि सहाव्या अध्यायात काय घडतं तर राजाला झोप येत नाही. एवढंच, झोप येत नाही. म्हणून तो बखर वाचायला सांगतो आणि नेमकं ते जुनं पान निघतं, राजा विचारतो या माणसाचा काय सन्मान केला, काहीच नाही म्हणतात, आणि त्याच वेळी हामान बाहेर अंगणात येऊन उभा आहे, मर्दखयला फाशी द्यायची परवानगी मागायला. माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या अध्यायात पेरलेलं सहाव्यात उगवलं. देवाचं नाव नाही आणि पानोपानी देवाचा हात जाणवतो.

तिथे मला माझं चुकलेलं सापडलं. मी देवाला शेवटच्या प्रकरणात कामाला लावलं होतं, आणि तो सुरुवातीपासून बखर लिहिणाऱ्याच्या हातातच होता.

मग मी वेड्यासारखी वाचत सुटले. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्लिश कॅथलिक फादर होते, ज्यांनी पुढे लॅटिनवरून अख्खं बायबल इंग्रजीत आणलं, ते डिटेक्टिव्ह कादंबऱ्याही लिहायचे आणि त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यात लगेच दुसराच नियम असा की दैवी किंवा अलौकिक शक्तीची मदत घ्यायची नाही, आणि पुढे असंही की डिटेक्टिव्हला आंधळ्या योगायोगाने उत्तर सापडता कामा नये. एक फादर हे सांगतो! म्हणजे श्रद्धा कमी म्हणून नव्हे, वाचणाऱ्याला फसवायचं नाही म्हणून. आणि इंग्लिश लेखक चेस्टरटनच्या गोष्टींतले डिटेक्टिव्ह पाद्री फादर ब्राऊन, त्यांच्या पहिल्याच गोष्टीत पाद्र्याच्या वेषातला चोर त्यांना कळतो, का, तर तो माणसाच्या बुद्धीला कमी लेखून बोलला आणि फादरच्या मते खरा पाद्री असं बोलणार नाही. हे वाचलं आणि आत्याचा चार्ट आठवला.

वसईच्या एका कॅथलिक मैत्रिणीने अजून एक दाखवलं. त्यांच्या बायबलमध्ये दानीएलाच्या पुस्तकाला दोन अध्याय जास्त आहेत, आमच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाहीत. एकात दोन म्हातारे पुढारी सुसान्ना नावाच्या बाईवर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात आणि दानीएल दोघांना वेगळं करून एकच प्रश्न विचारतो, कुठल्या झाडाखाली बघितलं? दोघं दोन झाडं सांगतात. दुसऱ्यात तर मूर्ती रात्री नैवेद्य खाते म्हणतात, तेव्हा दानीएल देवळाच्या जमिनीवर गुपचूप राख पसरवतो, दार मोहोरबंद होतं आणि सकाळी राखेत पुजाऱ्यांची, बायकांची, पोरांची पावलं. दार बंद, खोली बंद आणि राखेत पावलं. अर्नाळकरांच्या आधी दोन हजार वर्षं. पप्पा असते तर त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

अमेरिकेत ख्रिस्ती कादंबऱ्यांचा मोठा बाजार आहे, दुकानात वेगळं कपाट असतं. फ्रँक पेरेटी यांची १९८६ ची कादंबरी खूप गाजली, तिच्यात एका छोट्या गावावरून देवदूत आणि दुष्टात्मे लढतात. मी ती आवडीने वाचली, वेग जबरदस्त आहे. पण मला तसं लिहायचं नाही. आमच्या गावात दुष्टात्मा आकाशात उडत नाही, तो सातबाऱ्यावर येऊन बसतो.

तर कादंबरी परत पहिल्यापासून लिहिली. स्वप्न काढलं. त्याच्या जागी काय ठेवायचं हे शोधायला मी पाळकसाहेबांकडे गेले आणि जुनी बाप्तिस्म्याची नोंदवही बघायला मागितली. त्यांनी लोखंडी कपाटातून काढली, कापडात बांधलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. मी दोन तास ती उलटत बसले. दौत-टाकाने लिहिलेलं अक्षर कसं असतं माहितीये, उभी रेघ जाड, आडवी बारीक, आणि जुन्या कागदात शाई जराशी फुटलेली, काळ्याची आता तपकिरी झालेली. मध्ये एका पानावर कुणीतरी खूप नंतर एक राहिलेलं नाव बॉलपेनने घातलं होतं, साधीशी दुरुस्ती, खाली सहीसुद्धा होती. मी पान उलटलं आणि मागच्या बाजूवरून सहज बोट फिरवलं. बाकी सगळं पान सपाट लागलं, आणि त्या एका ओळीपाशी बोटाला उंचवटा लागला, कारण बॉलपेन दाबून लिहावं लागतं, टाक नाही. तिथेच मला माझी गोष्ट सापडली. आता माझ्या नर्सला देव काही सांगत नाही. १९४०च्या दशकातली, म्हणजे टाकाच्या काळातली तारीख घातलेली एक नोंद ती वाचते, तिला काही वावगं दिसत नाही, आणि वही बंद करताना पान मागे वळतं आणि तिच्या बोटाला ती ओळ लागते.

प्रार्थना मी काढली नाही. नर्स तशीच गुडघ्यावर बसते. फक्त आता ती कागद कुठे आहेत हे विचारत नाही. तिला खुनी कोण ते कळून चुकलंय, तो तिच्या लहानपणीचा शब्बाथशाळेचा, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेचा शिक्षक आहे ज्याने तिला पहिलं स्तोत्र पाठ करून घेतलं, आणि ती प्रार्थना करते की उद्या पोलिसांसमोर खरं बोलायचं बळ दे आणि मला त्याचा द्वेष करू देऊ नको. हे प्रकरण लिहायला मला अडीच महिने लागले. नाथान संदेष्टा त्या पापानंतर दाविदाकडे जातो तेव्हा आरोप करत नाही, गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजा चिडून शिक्षा सुनावतो आणि मग नाथान म्हणतो तो मनुष्य तूच आहेस. मला खुनी लिहिताना हे सतत समोर ठेवावं लागलं, नाहीतर मी त्याला राक्षस करून मोकळी झाले असते. त्या अडीच महिन्यांत मी रोज पहाटे त्याच्यासाठी प्रार्थना करायचे, कागदावरच्या माणसासाठी, आणि खरं सांगते, त्याने माझा एका खऱ्या माणसावरचा जुना राग गेला. त्याबद्दल यापेक्षा जास्त नाही लिहिणार.

काकू, तुम्ही हे वाचत असाल तर माझं उत्तर हेच. खून मी यासाठी लिहिते की काईनाने भावाला मारलं तेव्हापासून तो आपल्या शास्त्रात आहे आणि जमिनीत मुरलेलं रक्त ओरडतं हे आपल्यालाच सांगितलेलं आहे. आणि प्रार्थना यासाठी घालते की माझी माणसं प्रार्थना करणारी माणसं आहेत, ती गप्प बसवली तर मग ती आमच्या मंडळीतली राहणारच नाहीत. फक्त उत्तर चार्ट बघून काढायचं.

नवीन हस्तलिखित परवा आत्याला दिलं, या वेळी टाईप करून, मोठ्या अक्षरात, तिच्या मोतीबिंदूसाठी. काल रात्री साडेदहाला तिचा फोन आला. एरवी ती नऊला झोपते. म्हणाली, "मी एकशे बारा पानावर आहे, ते वहीचं पान मागून चाचपलं तिने, म्हणजे तो मास्तर का गं?"

मी म्हटलं, वाच ना आत्या.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "बरं, चष्मा पुसून घेते," आणि फोन ठेवला.