कॅम्प स्ट्रीटवरच्या तिघी बहिणी

न्यू ऑर्लिन्सच्या दुसऱ्या महायुद्धाच्या संग्रहालयात, कॅन्टीनच्या रंगमंचावर, तीन मुली गात होत्या. गणवेश १९४०च्या दशकातले, गाणी त्या काळी गाजलेल्या अँड्र्यूज सिस्टर्स या बहिणींच्या त्रयीची. शेजारच्या टेबलावरच्या आजी ओळन् ओळ सोबत म्हणत होत्या. पण अँड्र्यूज भगिनी मिनियापोलिसच्या. ज्यांच्या रेकॉर्ड ऐकून त्या गायला शिकल्या, त्या बॉसवेल भगिनी, मार्था, कॉनी आणि व्हेट, या गावच्या. मी त्यांच्यासाठी आले होते.

संग्रहालयापासून दोन मिनिटांवर सेंट चार्ल्स ट्रामचा थांबा. तिथल्या चौकातला जनरल ली यांचा, म्हणजे अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडून लढलेल्या सेनापतीचा, पुतळा २०१७ साली उतरवला गेला आणि २०२२ पासून चौकाचं नाव आहे हार्मनी सर्कल. हार्मनी म्हणजे वेगवेगळ्या सुरांचा मेळ, या बहिणींची खासियत. नाव वाचून मी थबकलेच. हिरवी ट्राम आली. हे डबे १९२३-२४ सालचे, लाकडी बाकांचे. म्हणजे मार्था, कॉनी आणि व्हेट या गावात वाढत होत्या तेव्हाही हेच धावत होते. झाडांच्या फांद्यांना मार्डी ग्रा या इथल्या कार्निव्हलच्या मण्यांच्या माळा अजून लटकत होत्या.

उतरल्यावर रस्ता विचारला, तर एका काकूंनी सांगितलं, "नदीच्या बाजूला जा." इथे उत्तर-दक्षिण कोणी म्हणत नाही, नदीची बाजू आणि सरोवराची बाजू. चालत कॅम्प स्ट्रीटला पोचले. लाकडी घरं, प्रत्येकाला ओसरी. याच रस्त्यावर बॉसवेलांच्या घरात सगळे गायचे. मुली आधी शिकल्या शास्त्रीय संगीत: मार्था पियानो, कॉनी चेलो, व्हेट व्हायोलिन. मग जॅझने तिघींना ओढलं.

आपला कान एका धाग्यावर वाढलेला असतो. गाणारा एक, बाकीचे त्याच्यामागे. क्लोज हार्मनीत तीन गळे एकाच क्षणी तीन वेगळे सूर लावतात, तेही अगदी खेटून. एकीचा सूर केसभर ढळला की सगळं गढूळ. सख्ख्या बहिणींच्या गळ्याची जात एक असते, श्वासही एकमेकींना पाठ असतात. पण बॉसवेल भगिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मध्येच लय निम्मी करायची, मेजर या उजळ स्वरसप्तकातलं गाणं मायनर या उदास सप्तकात न्यायचं, शब्द सोडून ट्रम्पेटसारखं गायचं. ही रचना मुख्यतः कॉनीच्या डोक्यातून यायची. त्यांची एक घरगुती भाषाही होती, शब्दांच्या मध्ये जादा अक्षरं घुसवून बोलायची, आणि ती त्यांनी थेट रेकॉर्डवर गायली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमची 'च'ची भाषा आठवली. मी आणि माझी बहीण आईसमोर बिनधास्त "चझंतु चवना" करत बसायचो!

१९२५ साली व्हिक्टर कंपनीने गावात येऊन त्यांची पहिली रेकॉर्ड केली, तेव्हा व्हेट १३ वर्षांची होती. १९३१ मध्ये त्या न्यूयॉर्कला पोचल्या. मागे वाजवायला जिमी आणि टॉमी डॉर्सी हे पुढे बँडप्रमुख म्हणून गाजलेले भाऊ असायचे. १९३६ पर्यंत तिघींची लग्नं झाली होती, आणि त्याच वर्षी त्रयी संपली. कॉनी पुढे एकटी गात राहिली.

कॉनीला लहानपणापासून चालता येत नव्हतं. बहिणी तिला उचलून रंगमंचावर नेत, पियानोपाशी तिघी शेजारी शेजारी बसत आणि लांब झग्यांखाली सगळं झाकलं जाई. जुन्या फोटोंत तिघी नेहमी इतक्या जवळ बसलेल्या का, हे मला त्यानंतर कळलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. कॉनीने ब्लूज गायिका मेमी स्मिथला ऐकलं ते इथल्या लिरिक थिएटरमध्ये, गोऱ्यांसाठी राखलेल्या मध्यरात्रीच्या खेळाला. गाणारी काळी, ऐकणारे फक्त गोरे. पुढे १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत गाण्याच्या स्पर्धेला उभी राहिलेली, पुढे जॅझची मोठी गायिका झालेली एला फिट्झजेराल्ड कॉनीसारखं गायचा प्रयत्न करत होती, आणि हे तिने आयुष्यभर मोकळेपणाने सांगितलं. काळ्या गायिकेकडून गोऱ्या मुलीकडे, तिच्याकडून पुन्हा काळ्या मुलीकडे. सूर असा फिरला. इथे माणसांना मात्र एका प्रेक्षागृहात एकत्र बसायची परवानगी नव्हती.

परतीच्या ट्राममध्ये कानात त्यांचीच रेकॉर्ड. फक्त कॉनीचा आवाज पकडायचा, असं ठरवलं. सुरुवातीच्या दोन ओळी तो स्वच्छ सापडला. मग मार्था आणि व्हेट आत आल्या आणि तो कुठे गेला, कळलंच नाही. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. हार्मनी सर्कल केव्हा मागे पडलं, ते कॅनाल स्ट्रीट आल्यावर लक्षात आलं.