ठिगळ तसेच ठेवले: आमच्या कार्यशाळेची वाटचाल

आमची कार्यशाळा सुरू झाली तेव्हा जुनी युद्धकालीन विमाने जपण्याचा विचारही आमच्या मनात नव्हता. आम्ही चौघे पत्राकाम करणारे कारागीर होतो. वैमानिकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या लहान विमानांचे चेपलेले पंख, तडकलेली इंजिनाची आवरणे आणि झिजलेल्या बिजागऱ्या दुरुस्त करून देणे हाच आमचा व्यवसाय होता. अशा कामात दुरुस्ती नेमकी कुठे केली हे ओळखू न येणे ही कारागिरीची कसोटी मानली जाते, आणि पुढे जुने विमान हाती आले तेव्हाही आम्ही तीच कसोटी लावली.

त्यातूनच आमच्या हातून मोठी चूक घडली. एका संग्राहकाने दुसऱ्या महायुद्धातील एक प्रशिक्षण विमान आमच्याकडे आणले आणि ते आरशासारखे चकचकीत करून मागितले. आम्ही ते यंत्राने घासून तसे करून दिले. त्या काळी विमानांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सुमारे साडेचार टक्के तांबे असते. तांब्यामुळे ॲल्युमिनियमला ताकद येते, पण त्याच तांब्यामुळे ते लवकर गंजते, म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. चकाकीच्या मागे लागून आम्ही तो थरच जागोजागी उतरवला होता आणि त्याबरोबर कारखान्यात पत्र्यावर छापलेली अक्षरेही पुसून टाकली होती. दोन वर्षांत पत्र्यावर पांढरट फोड दिसू लागले. आम्ही विमान परत मागवून गंज काढला आणि पत्र्याला संरक्षक लेप दिला, त्याचा मोबदला घेतला नाही; ती अक्षरे मात्र कायमची गेली, आणि याची खंत मला आजही आहे.

त्यानंतर काही वर्षांनी एका संग्रहालयाचे डाकोटा आमच्याकडे आले. डीसी-३ या मूळ प्रवासी विमानाने १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिले उड्डाण केले, आणि युद्धकाळात त्याच्या लष्करी आवृत्तीची, म्हणजेच डाकोटाची, दहा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. त्यामुळे हे विमान दुर्मीळ नाही असे अनेकांना वाटते, परंतु युद्धानंतर अशी बरीच विमाने मालवाहतुकीला लागली, त्यांचे भाग वारंवार बदलले गेले आणि युद्धकाळातला मूळ पत्रा अंगावर असलेली विमाने कमी होत गेली. आमच्याकडे आलेले विमान उघड्यावर ठेवलेले होते. वादळात त्याचे दोर तुटले, ते फिरून एका खांबावर आदळले, उजव्या पंखाचे टोक दुमडले आणि धडालाही मोठी चेप बसली.

आदळल्याने झालेली हानी डोळ्यांना दिसत होती. खरी हानी विमान उघडल्यावर दिसली. डाकोटाचे बाहेरचे पंख मधल्या भागाला बोल्टांच्या लांबच लांब रांगेने जोडलेले असतात. त्या जोडाच्या खाचेत पाणी साचून राहिले होते, आणि ओलसर जागी पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकलेला असला की दोन वेगळ्या धातूंमुळे ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. काही ठिकाणी धातूचे पापुद्रे भिजून सुकलेल्या वहीच्या पानांसारखे सुटले होते आणि त्या फुगवट्याने रिव्हेटांची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांची, डोकी वर उचलली गेली होती. असा पट्टा घासून वाचवता येत नाही. तो आम्ही बदलला.

रिव्हेट काढणे हे बाहेरून किरकोळ वाटणारे, पण सर्वांत जास्त संयम मागणारे काम आहे. डोक्याच्या बरोबर मध्यावर छिद्र पाडून फक्त डोके सैल करायचे आणि दांडा हलक्या हाताने ठोकून बाहेर काढायचा असतो. ड्रिल जरा सरकले की मूळ छिद्र मोठे होते, मग मोठा रिव्हेट वापरावा लागतो, आणि पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर राहिले पाहिजे हा नियम मोडतो. नवे रिव्हेट ठोकतानाही घड्याळ समोर ठेवावे लागते. मूळ जातीचे कठीण रिव्हेट भट्टीत तापवून पाण्यात थंड केले की काही वेळ मऊ राहतात. ते शीतपेटीत ठेवून कडक होण्याची क्रिया लांबवता येते, परंतु बाहेर काढल्यावर दहा ते वीस मिनिटांत ते ठोकलेच पाहिजेत. एक जण हातोडा धरतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा टेकवतो, आणि पंखाच्या आत वाकून बसलेल्या त्या दुसऱ्या माणसाचे कौशल्य बाहेरून कोणालाच दिसत नाही.

चेप काढताना धडावर रंगाचे थर लागले. आधीच्या चुकीतून शिकल्यामुळे आम्ही रंग सरसकट उतरवला नाही. तळहाताएवढ्या एकेका जागेवरून एकेक थर ओल्याने घासत गेलो. आतल्या पिवळसर हिरव्या जुन्या लेपात क्रोमेट असते आणि त्याची कोरडी धूळ घातक असते, हेही ओल्याने घासण्याचे एक कारण होते. मालवाहू कंपनीच्या रंगाखाली पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांच्या कडा दिसू लागल्या. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईपूर्वी दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर, आपल्याच सैन्याने चुकून गोळीबार करू नये म्हणून, तीन पांढरे आणि दोन काळे असे पट्टे घाईघाईने रंगवले गेले होते. कुंचल्याचे फराटे स्पष्ट दिसत होते, आणि त्या दिवशी कार्यशाळेत कोणी फारसे बोलले नाही.

पट्ट्यांच्या जवळच एक ठिगळ होते. हाताने कापलेला चौकोनी पत्रा, कोपरे नीट गोल न केलेले, रिव्हेटांमधील अंतर असमान. आतल्या बाजूने पाहिले तेव्हा त्याखाली एक छिद्र दिसले. त्याच्या कडा आतल्या दिशेने वळलेल्या होत्या, म्हणजे काहीतरी बाहेरून येऊन पत्रा भेदून गेले होते. आमच्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे होते की एवढे ओबडधोबड काम आमच्या दुरुस्तीशेजारी राहिले तर ते आमचेच समजले जाईल. त्यांचा आक्षेप प्रामाणिक होता आणि आमची चर्चा कित्येक दिवस चालली. मी लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातील हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमानाचे उदाहरण दिले. एप्रिल १९४२ मध्ये टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्यात ते नॉर्वेतील एका गोठलेल्या तळ्यावर उतरले, पुढे बुडाले, १९७३ मध्ये वर काढले गेले, आणि आजही ते जवळपास तळ्यातून निघाले त्याच अवस्थेत ठेवलेले आहे. शेवटी संग्रहालयाच्या संमतीने आम्ही ठिगळ तसेच ठेवले. त्याच्या कडेने ओल शिरू नये एवढीच काळजी घेतली.

हा निर्णय घेता आला याचे मुख्य कारण हे विमान पुन्हा उडणार नव्हते. उडणाऱ्या विमानात सुरक्षेपुढे इतिहास मागे ठेवावाच लागतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून आता कोणतेही काम स्वीकारण्याआधी विमान उडवायचे आहे की जपायचे आहे हे आम्ही लेखी ठरवून घेतो.

उरलेल्या कामांत सुकाणूचे कापड बदलले, ते बरगड्यांना मेणाच्या दोऱ्याने शिवले आणि डोप, म्हणजे कापड आवळून घट्ट करणारा लेप, लावून ताणले. चालककक्षातील तबकड्यांवर रेडियमचा रंग होता. तो आता चमकत नाही, पण चमक देणारे द्रव्य निकामी झाले तरी रेडियम तसेच उरते, म्हणून त्या तबकड्या आम्ही उघडल्या नाहीत आणि किरणोत्साराचे मोजमाप करून बंद काचेमागे ठेवल्या. प्रत्येकी १४ सिलिंडरांच्या दोन्ही इंजिनांत गंजरोधक तेल भरले आणि स्पार्क प्लगांच्या जागी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या कुप्या बसवल्या.

आम्ही बसवलेल्या प्रत्येक नव्या भागाच्या आतल्या अंगावर वर्ष कोरलेले आहे आणि काढलेले सर्व तुकडे क्रमांक लावून संग्रहालयाकडे दिले आहेत. आमच्यातील एक जण अजूनही दर तीन महिन्यांनी तिथे जातो, कुप्यांतील निळे जेल ओल शोषून गुलाबी झाले आहे का ते पाहतो, पंखाच्या जोडात दिवा घालून ओल तपासतो आणि ठिगळाच्या कडेवरून बोट फिरवून नोंद करतो.