पावसाची वही, नोंद ७: आयपीवायएनबी की पीवाय?

मागच्या नोंदीनंतर दीड महिना गेला आणि वहीच्या कोडात पावसाबद्दलचं एकही नवं काम झालं नाही. सगळा वेळ नोटबुक (कोड, टिपा आणि आलेख एकत्र ठेवणारी संगणकावरची वही) कुठल्या फाइलीत ठेवायचं यातच गेला: ज्युपिटर या नोटबुकाच्या प्रोग्रॅमच्या आयपीवायएनबीत, की पायथन भाषेतल्या साध्या कोडाच्या पीवायमध्ये. घरी कुणी विचारलं, "रात्री बारापर्यंत काय करुलालास?" तर उत्तर देता येत नाही. इथं देता येईल.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: बेळगाव जिल्ह्यातल्या चार घरांत पर्जन्यमापक आहेत. माझा शहापूरला गच्चीवर, एक खानापुरात, एक मावसभावाकडे निपाणीत, एक अथणीला. सकाळी साडेआठला मोजायचं, शीटमध्ये भरायचं. पुढचं काम तीन नोटबुकांचं: आकडे उचलणं, गावांची नावं जुळवणं, पार्के (तक्ते साठवायचा एक प्रकार) फाइलीत लिहून आलेख काढणं. मधलं नोटबुक सगळ्यात मोठं आहे, आणि का ते आपल्या भागातल्यांना सांगायला नको. कुणी निपाणी लिहितो, कुणी निप्पाणी. चिकोडी, चिक्कोडी. खुद्द बेळगाव शहराचं इंग्रजी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, त्यामुळे त्याआधीचे तक्ते आणि नंतरचे तक्ते आपसात बोलतच नाहीत. मराठी, कन्नड आणि दोन इंग्रजी, असं एकाच गावाचं चार तऱ्हांनी आलेलं नाव एका ओळीत आणायचं.

जुलैत याच मधल्या नोटबुकावर आम्ही दोघांनी एकाच दिवशी हात घातला. मावसभावानं चिक्कोडीची एक ओळ टाकली, मी तारखेची एक ओळ दुरुस्त केली. दोन्ही ओळी वेगळ्या सेलमधल्या (सेल म्हणजे नोटबुकातला एकेक कप्पा), एकमेकींशी संबंध नाही. तरी दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना गिट, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, अडलं, आणि त्यानंतर निपाणीहून फोन: "दादा, वही उघडंना झालीय!"

उघडणार कशी? आयपीवायएनबी म्हणजे आतून जेसन, कंस-अवतरणांच्या काटेकोर नियमांत लिहिलेला मजकूर. त्यात कोडाच्या शेजारीच प्रत्येक सेलचा चालवल्याचा क्रमांक असतो, आउटपुट असतं, आलेखाचं चित्र बेस६४ करून अक्षरांच्या रूपात कोंबलेलं असतं. दोघांनी नोटबुक चालवलं की क्रमांक बदलले, चित्रं बदलली. गिटनं त्या जागी भांडणाच्या खुणा घातल्या आणि जेसनची व्याकरणशुद्धता गेली. एका कंसाची चूक झाली तरी ज्युपिटर अख्खी फाइल नाकारतं. दोन ओळींच्या बदलासाठी मी बेस६४च्या भिंतीसमोर बसून होतो.

दुसरा प्रकार जास्त लाजिरवाणा आणि पूर्ण माझा. शीटमध्ये मोजणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर आहेत. मी सहज पहिल्या पाच ओळी छापून बघितल्या, सेव्ह केलं, पुश केलं, म्हणजे इंटरनेटवर गिटहबवर चढवलं. रेपो (प्रकल्पाचं तिथलं फोल्डर) सगळ्यांना दिसणारा. कोडात एकही नंबर नव्हता, आउटपुटात चारही होते. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तेव्हा आउटपुट पुसून नवा कमिट (बदलांची नोंद) केला आणि सुटलो असं वाटलं. सुटत नाही. जुन्या कमिटमध्ये नंबर तसेच राहतात. फिल्टर-रेपो हे साधन वापरून इतिहास पुन्हा लिहिला, सगळ्यांना नव्यानं क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) करायला लावलं, आणि बाकीच्या तिन्ही घरी फोन करून माफी मागितली. अथणीच्या काकांना गिट म्हणजे काय हे समजावण्यात पाऊण तास गेला.

मग पर्याय बघायला लागलो.

एनबीस्ट्रिपआउट आधी लावलं. कमिटच्या वेळी ते आउटपुट आपोआप गाळतं आणि आपल्या स्क्रीनवर मात्र ते राहतं. छान चाललं होतं. पण ते गिटच्या फिल्टरवर चालतं, आणि फिल्टरची सेटिंग ज्याच्या-त्याच्या संगणकावरच्या गिट फोल्डरमध्ये असते, क्लोनबरोबर जात नाही. मावसभावानं नवा लॅपटॉप घेतला, क्लोन केलं, आणि आठवड्यात चित्रं परत आली. माणसाच्या आठवणीवर अवलंबून असलेली सोय मला नको होती.

मध्येच शहाणपणा म्हणून स्वतःच एक स्क्रिप्ट लिहिली: जेसन वाचा, आउटपुट रिकामं करा, परत लिहा. चालली, पण फाइल उघडून बघतो तर माझ्या सगळ्या मराठी टिपांचं भजं झालेलं. पायथन जेसन लिहिताना मुळात आस्कीबाहेरचं, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडचं, प्रत्येक अक्षर सहा चिन्हांच्या संकेतात बदलतं. 'बेळगाव' म्हणजे काना-मात्रा धरून सहा खुणा, त्यांची छत्तीस चिन्हं! ज्युपिटरमध्ये नीट दिसतं, डिफमध्ये (गिट दाखवतं त्या बदलांच्या यादीत) वाचता येत नाही. 'एन्श्युअर आस्की' ही सेटिंग फॉल्स केली की थांबतं. ज्युपिटर स्वतः सेव्ह करताना देवनागरी तशीच ठेवतं, म्हणून इतके दिवस मला हे कधी टोचलं नव्हतं.

मारिमो हे दुसऱ्या तऱ्हेचं नोटबुकही एक संध्याकाळ चालवून बघितलं. त्याची फाइल म्हणजे शुद्ध पायथन, प्रत्येक सेल एक फंक्शन, एक बदललं की त्यावर अवलंबून असलेली बाकीची आपोआप चालतात. कल्पना फार आवडली. पण त्यात एक नाव एकाच सेलमध्ये ठरवता येतं, आणि माझ्या नोटबुकात 'डीएफ' (तक्त्याला दिलेलं नाव) अकरा ठिकाणी ठरवलेला. दोष माझ्या सवयीचा. ते पुढच्या उन्हाळ्यात.

शेवटी ज्युपिटेक्स्ट या ज्युपिटरच्या जोडसाधनावर थांबलो. नोटबुक साध्या पीवाय फाइलीत राहतं, सेल सुरू होतो तिथं # %% एवढीच खूण. व्हीएस कोड आणि स्पायडर या कोड लिहायच्या दोन्ही प्रोग्रॅमना ती कळते. सेटिंगच्या फाइलीत दोन्ही रूपांची जोडी लावली: पीवाय गिटमध्ये, आयपीवायएनबी गिटइग्नोअरमध्ये (गिटनं सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत). उघडताना कोड पीवायमधून येतो, आउटपुट आयपीवायएनबीमधून. ही सेटिंग फाइल रेपोतच आहे, त्यामुळे नव्या लॅपटॉपवरही ज्युपिटेक्स्ट बसवलं की पुरे. आउटपुट मात्र क्लोनबरोबर येत नाही, एकदा सगळं चालवावं लागतं. आमचं दोन मिनिटांत होतं.

खटकतं ते एवढंच की मजकुराच्या सेलमधली माझी लांबलचक मराठी बडबड पीवायमध्ये हॅशच्या रांगा होऊन बसते. त्यासाठी मार्कडाउन रूपही आहे, पण मग ती फाइल थेट पायथननं चालत नाही. आणि टक्क्यानं (%) सुरू होणाऱ्या जादूच्या ओळी (ज्युपिटरचे खास हुकूम) पीवायमध्ये टिप्पणी होऊन जातात, म्हणजे तिथं लायब्ररी बसवण्याची ओळ असेल तर ती गुपचूप बंद पडते.

खरा फायदा ध्यानीमनी नसताना झाला. आतापर्यंत रात्रीचं काम मी हातानं चालवायचो. आता पीवाय आहे म्हटल्यावर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारं साधन) टाकलं, आणि पहिल्याच रात्री नेमएरर, म्हणजे कोडातलं नाव न सापडल्याची तक्रार. नावांची डिक्शनरी सापडेना. शोधलं तर ती ज्या सेलमध्ये होती तो सेल मी मे महिन्यातच उडवला होता! संगणक महिनोन्महिने बंद न करता फक्त झाकण मिटत असल्यामुळे डिक्शनरी मेमरीत जिवंत होती आणि नोटबुक बिनबोभाट चालत होतं. पेपरमिल, म्हणजे नोटबुक पहिल्यापासून आपोआप चालवणारं साधन, वापरून आयपीवायएनबी चालवलं असतं तरी हे उघडं पडलंच असतं, पण ते बसवायचा आळस मी वर्षभर केला होता.

एक नोटबुक मुद्दाम आयपीवायएनबीच ठेवलंय, आउटपुटासकट. खानापूर आणि अथणीच्या तुलनेचं. पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस कसा उतरत जातो हे त्या आलेखात दिसतं, आणि गिटहबवर ते काही न चालवता कुणालाही बघता येतं. पीवाय फाइल तिथं नुसता कोड दाखवते. त्यात फक्त गाव, तारीख आणि मिलिमीटर ठेवलेत, माणसाचं काही नाही.

राहिलंय ते असं: आलेखाचं नोटबुक अजून बदललेलं नाही. अथणीहून कोरड्या दिवसाला शून्याऐवजी 'नील' येतं आणि कधी रकाना नुसता मोकळा असतो, त्या दोन्हींत फरक करायचाय. आणि खानापूरची जुलैची पानं कागदावरच आहेत, तीही भिजलेली. पेन्सिलनं लिहिलीत म्हणून वाचता येतात. रविवारी जाऊन फोटो काढून आणतो.