इथिओपियात 'उपासाचं' मागा, पोटभर जेवा

आदिस अबाबात शाकाहारी माणसाने मेन्यूकार्डात 'व्हेज' शोधत बसू नये. वेटरला सरळ 'येत्सोम' सांगावं, म्हणजे उपासाचं. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात. त्यात मांस, अंडी, दूध, लोणी बंद; डाळी, भाज्या आणि तिखट हवं तितकं. साबुदाणा-भगरीवर वाढलेला मराठी माणूस उपासाच्या ताटात मसूर, कांदा, लसूण बघून जरा चमकतोच.

मागायचं ते 'बेयायनेतू'. एका मोठ्या गोल इंजेरावरच, म्हणजे आंबोळीसारख्या पोळीवर, सगळं वाढून येतं: बेरबेरे मसाल्यात शिजवलेली लाल मसूर (मिसिर वोत), हळद घातलेली पिवळ्या वाटाण्याची बिनतिखट डाळ (किक अलिचा), गोमेनची पालेभाजी, कोबी-गाजर-बटाटा आणि शिरो. शिरो म्हणजे पिठल्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ. हरभऱ्याचं किंवा तत्सम कडधान्याचं पीठ, कांदा, लसूण आणि बेरबेरे.

गोची शिरोतच होते. उपास नसेल त्या दिवशी त्यात 'किबे', म्हणजे मसाले घालून कढवलेलं लोणी, पडू शकतं. दूधदुभतं चालत असेल तर बिघडलं नाही, पण 'बोझेना शिरो'त चक्क मांस असतं. काही हॉटेलांत उपासाच्या यादीत मासेही असतात, तेव्हा तेही विचारून घ्यावं. आणि ईस्टरनंतरचे 50 दिवस बुधवार-शुक्रवारचा उपास नसतोच. त्या काळात बेयायनेतू कमी ठिकाणी मिळतं; नसेल तिथे मसूर आणि शिरोवर भागवायची तयारी ठेवावी.

प्रश्न कसा विचारता यालाही महत्त्व आहे. होकार देताना इथे माणसं तोंडाने झटकन श्वास आत ओढतात. नवख्याला वाटतं, समोरचा दचकला की काय! "किबे नाही ना?" असं विचारलंत आणि उत्तरादाखल तो श्वास आला, तर होय म्हणजे नेमकं काय, हे तुम्हालाही कळणार नाही आणि त्यालाही. "किबे आहे का?" एवढंच विचारा.

इंजेरा टेफ या बारीक धान्याच्या पिठाची. आधीच्या घाण्यातलं आंबलेलं पाणी (एर्शो) विरजणासारखं घालून पीठ दोन-तीन दिवस आंबवतात, तापलेल्या मितादवर, म्हणजे मोठ्या तव्यावर, बाहेरून आत गोल ओततात आणि झाकण ठेवतात. उलटायची नाही, एकच बाजू भाजायची. वर बारीक भोकांची दाट जाळी पडली तर जमली. पीठ कमी आंबलं किंवा मिताद नीट तापला नाही तर ती सपाट, गिच्च होते. गहू चालत नसेल तर मात्र आधी चौकशी करा, कारण स्वस्तात देण्यासाठी टेफमध्ये दुसरी पिठं मिसळतात.

खाताना उजवा हात, आणि आपल्या पुढ्यातलंच. सोबत गुंडाळ्या करून दिलेल्या इंजेराचे तुकडे तोडून त्यांनी घास उचलायचा. खालच्या मोठ्या इंजेराला सुरुवातीलाच हात घातलात तर डाळी एकमेकींत वाहून जातात. शिवाय सगळा रस शोषलेली ती इंजेरा शेवटी खाण्यातच खरी मजा, असं माझं ठाम मत. मध्येच यजमान भलामोठा घास करून थेट तुमच्या तोंडात भरवेल. ही 'गुर्शा'. नकार देणं वाईट दिसतं आणि एकावर भागत नाही, तेव्हा पोटात जागा राखून ठेवा.

कॉफीला घाईचं काम नाही. हिरव्या बिया धुऊन समोरच भाजतात, धूर पाहुण्यांच्या नाकाशी फिरवतात, कुटतात आणि जेबेना या मातीच्या सुरईत उकळतात. त्याच चोथ्यावर तीन फेऱ्या: अबोल, तोना, बेरेका. पहिली कडक, तिसरी हलकी, आणि तिसरीआधी उठून जाणं बरं दिसत नाही. सोबत बहुधा मक्याच्या लाह्या. खेड्यांत काही ठिकाणी साखरेऐवजी मीठ येतं, म्हणून पहिला घोट जपून.

आता घड्याळ. इथे दिवसाचे तास सकाळी 6 पासून मोजतात, म्हणजे आपले 7 म्हणजे त्यांचा 1. लांबच्या बस अंधारातच सुटतात, आणि "बस 11 ला" याचा अर्थ पहाटे 5. तुम्ही तुमच्या घड्याळाने 11 ला पोचलात तर ती सहा तासांपूर्वीच गेलेली असेल. तिकीट काढताना वेळ 'हबेशा' (इथली) की 'फेरेंजी' (परदेशी) हे विचारून कागदावर लिहून घ्या. विमानाच्या तिकिटावरची वेळ मात्र नेहमीच्याच घड्याळाची असते.