नको म्हटलेले पाणी

उन्हाळ्यातील पदभ्रमणात गट नेणाऱ्याचे निम्मे काम चालणाऱ्यांच्या पाठीकडे लक्ष ठेवण्याचे असते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. थकलेला माणूस तोंडाने शेवटपर्यंत ‘मी ठीक आहे’ असेच सांगतो. खरे काय ते त्याच्या पावलांतील अंतरावरून आणि त्याचे बोलणे केव्हा थांबले यावरून कळते. बारा वर्षांत मला हे ओळखता येऊ लागले आहे, अशी माझी खात्री होती.

त्या दिवशी आम्ही अठरा जण होतो आणि वाट चौदा किलोमीटरची होती. सकाळी साडेसहाला निघून अकराच्या आत परतायचे ठरले होते. परंतु दोघांचे पाय नव्या बुटांनी सोलले, एका फाट्यावर वाट चुकली आणि बारा वाजले तेव्हा आम्ही उघड्या माळावरच होतो. अंदाज ३८ अंशांचा होता. हवामानाचे आकडे सावलीत, जमिनीपासून वर, वारा खेळेल अशा ठिकाणी मोजलेले असतात. तापलेल्या खडकावरून चालणाऱ्याला त्याहून कितीतरी अधिक सोसावे लागते, हे मी प्रत्येक गटाला सांगतो. त्याच दमात मी आणखी एक वाक्य सांगत असे: तहान लागायची वाट पाहू नका, पाणी पीत राहा.

पन्नाशीच्या एक काकू सर्वांत मागे, संथपणे पण नेटाने चालत होत्या. अंगाने बारीक, शिस्तीच्या. माझी सूचना अक्षरशः पाळणाऱ्या त्या एकट्याच. प्रत्येक थांब्यावर त्या बाटलीतील पाणी मोजून पीत. दुसऱ्या थांब्यावर त्यांनी घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केला. मी ते पाहिले. घामाने टोचत असेल असे वाटले आणि मी पुढे गेलो.

तिसऱ्या थांब्यावर त्यांचे डोके दुखत होते आणि मळमळत होते. सकाळपासून लघवीला गेलात का, असे विचारल्यावर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मला हे शरीरातील पाणी कमी झाल्याचे सरळ लक्षण वाटले. त्यांनी दोनदा, पूर्ण शुद्धीत, ‘पाणी नको’ असे सांगितले. मी म्हणालो, ‘काकू, घोटभर तरी घ्या.’ त्यांनी घेतले. वीस मिनिटांनी त्या एका झाडाखाली बसल्या आणि आपण कुठे आहोत असे विचारू लागल्या.

उन्हात गोंधळलेला माणूस म्हणजे उष्माघात, असेच आम्ही प्रथम धरतो आणि ते योग्यच आहे. श्रमाच्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते, शरीराचे आतले तापमान ४० अंशांवर गेलेले असते, आणि तिथे आधी थंड करणे, मग हलवणे हाच क्रम माणूस वाचवतो. म्हणून आम्ही त्यांना सावलीत घेतले, अंगावर पाणी ओतले, वारा घातला. मात्र मानेला आणि काखेत हात लावला तेव्हा त्या तापलेल्या नव्हत्या. काखेवरून आतले तापमान ठरत नाही, त्यामुळे एवढ्यावर मी काही ठरवले नसते. तेवढ्यात उलटी झाली आणि तीत जवळपास नितळ पाणीच होते. मी त्यांचा हात हातात घेतला. बोटे फुगलेली होती आणि अंगठी मांसात रुतली होती. तेव्हा मला पट्ट्याचे ते भोक आठवले.

माझा सहकारी बाटली त्यांच्या ओठांना लावत होता. तो मनाने चांगला आहे, पण संकटात हाताला काम हवे म्हणून काहीतरी पाजण्याची आपल्याकडच्या प्रत्येकाची सवय त्यालाही आहे. अंगात पाणी कमी नव्हे, जास्त झाले असावे अशी शंका आल्याने मी बाटली काढून घेतली. जलसंजीवनीही दिली नाही. तिच्यातील मिठाचे प्रमाण रक्तापेक्षा कमीच असते आणि त्या वेळी धड गिळण्याची शुद्धही त्यांना नव्हती. चौघांनी त्यांना झोळीतून दोन किलोमीटरवरच्या रस्त्यापर्यंत नेले. गाडीत बसल्यावर मी बरोबरच्यांना विचारून कागदावर हिशेब मांडला: सहा तासांत सुमारे साडेपाच लिटर साधे पाणी, खाणे जवळजवळ नाही, सकाळी गुडघ्यासाठी एक वेदनाशामक गोळी. अशा गोळ्यांनी मूत्रपिंडाची पाणी बाहेर टाकण्याची क्षमता आणखी घटू शकते.

दवाखान्यातील तरुण डॉक्टरांनी तो कागद नीट वाचला, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. नेहमीची सलाईन भराभर सोडण्याऐवजी त्यांनी आधी रक्त तपासले. रक्तातील सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, लिटरमागे १२१ मिलिमोल होते; ते १३५ च्या खाली जाऊ नये. जास्त पाण्याने ते पातळ झाले होते. तीन टक्के मिठाचे १०० मिलिलिटर सलाईन दिल्यावर तासाभरात काकू स्वतःचे नाव सांगू लागल्या. लघवी का झाली नव्हती, हेही डॉक्टरांनी समजावले: दीर्घ श्रमात आणि मळमळीत शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक सोडत राहते, मग पोटात पाणी कितीही असो. ज्या खुणेवर मी विसंबलो, तीच उलट अर्थाची होती.

भरभर चालणारे या संकटात क्वचित सापडतात. त्यांचा घाम अधिक जातो आणि पिण्याला उसंत कमी मिळते. संथ चालणारा, हलक्या अंगाचा, चार तासांहून अधिक वेळ वाटेवर असलेला आणि सांगितलेले ऐकणारा माणूस सापडतो. तासाला अमुक लिटर पाणी प्या, असा एकच आकडा सर्वांना देणारी सूचनापत्रे मला आता बेजबाबदार वाटतात. त्यांतले एक मी स्वतः लिहिले होते. ते मी बदलले आहे. आता त्यात तहानेप्रमाणे प्या, खारे काहीतरी खात राहा आणि बोटे फुगली तर मला सांगा, असे लिहिलेले आहे.

तिसऱ्या थांब्यावर मी आग्रह केला नसता, तर एवढी वेळ आली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. पंधरा दिवसांनी काकू भेटायला आल्या. त्या झाडापर्यंतचे सगळे त्यांना आठवत होते. त्यांनी विचारले, ‘मी नको म्हटले होते ना?’ मी हो म्हणालो.